भंडारदऱ्याला जाताय? निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारदऱ्याला निघालेली माणसं साधारण तेच ते प्रश्न विचारतात. कधी जाऊ, काय पाहू, पोरांना घेऊन गेलो तर चालेल का, तंबूत राहू की हॉटेलात. यातल्या निम्म्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: त्या आठवड्यात धरणात पाणी किती आहे आणि खाली किती सोडलं जातंय. हे धरण शेतीसाठी बांधलेलं आहे, सहल ही त्याची जोडकमाई. एवढं लक्षात ठेवून तारीख ठरवली की पुढची निराशा बरीचशी टळते.

भंडारदरा नेमकं कुठे आहे? विल्सन डॅम, आर्थर लेक, शेंडी ही सगळी वेगवेगळी ठिकाणं आहेत का?

नाही, सगळं एकाच जागी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन धारेला लागून प्रवरा नदीवर हे धरण आहे. धरणाला विल्सन डॅम आणि तलावाला आर्थर लेक ही नावं इंग्रज अमदानीतली. आता शासनानं जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव दिलं आहे. राघोजी याच डोंगरांतल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध त्यांनी बंड केलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तुम्ही ज्या बाजारपेठेच्या गावात उतरता, चहा पिता, खोली घेता, ते शेंडी. धरणाची भिंत तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

तलाव काठोकाठ भरलेला कधी बघायला मिळेल?

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत. धरण पंधरा ऑगस्टच्या आत भरतं अशी इथली जुनी ख्याती आहे आणि बहुतेक वर्षी ती खरी ठरते. घाटघर आणि रतनवाडी ही पाणलोटातली गावं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर्तमानपत्रं घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे गेलात तर लोक टँकरची वाट बघत असतात.

धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट). जुलैमध्ये आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस धरला की रोजची आवक बातम्यांत येऊ लागते. बातमीत ‘दलघफू’ (दशलक्ष घनफूट) दिसलं की तो साठा, आणि ‘क्युसेक’ दिसलं की दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं जातंय तो आकडा. ‘धरण तांत्रिकदृष्ट्या भरलं’ असं वाचलंत तर घाबरून जाऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका. पुढच्या पावसासाठी थोडी जागा राखून सांडव्यातून पाणी सोडायला सुरुवात झाली, एवढाच त्याचा अर्थ.

निळंशार पाणी, हिरवे डोंगर, निवळलेलं आकाश आणि काठावर सोनकीची पिवळी फुलं असं सगळं एकत्र हवं असेल तर सप्टेंबरचा शेवट ते दसरा हा काळ धरा. माझ्या मते भंडारदऱ्याचा खरा हंगाम हाच. मात्र सगळी गर्दी जुलैतच होते.

एप्रिल-मेमध्ये गेलो तर तलाव आटलेला असतो म्हणतात. धरण गळतं की काय?

गळत नाही, पाणी वापरलं जातं. धरणातून सोडलेलं पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतात पोचतं. रब्बीचं आवर्तन (म्हणजे ठरावीक दिवस कालव्यांना पाणी सोडणं), मग उन्हाळी आवर्तन, मधूनमधून पिण्याचं पाणी. प्रत्येक आवर्तनागणिक काठ खाली सरकतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच पाण्यावर पिकलेल्या उसावर उभा राहिला. तेव्हा तुम्हाला तळ दिसतो तो कुणाच्या तरी उसाच्या सरीत गेलेल्या पाण्यामुळे.

यात आणखी एक भानगड आहे. खाली निळवंडे धरण झाल्यापासून (क्षमता ८,३२० दलघफू) भंडारदऱ्याचं पाणी तिथे उतरवून पुढे सोडतात. आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी खालच्या अंगाच्या, मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा हिशेब येतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर २००५ च्या कायद्याच्या आधारे ठरलेल्या समन्यायी वाटपानुसार वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. मग नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा अशी ओढाताण, आंदोलनं, न्यायालय असं सगळं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरात हे झालं होतं. अशा वर्षी डिसेंबरातच काठाला लाल मातीचा पट्टा दिसायला लागतो आणि काठावर तंबू लावणारे पाण्यामागोमाग खाली सरकतात.

तरीही मे महिना अगदीच वाया जात नाही. उघड्या पडलेल्या गाळावर गवत उगवतं, गुरं उतरतात, गाळाला षटकोनी भेगा पडतात आणि त्या भेगांत शिंपल्यांचे पांढरे तुकडे अडकलेले दिसतात. करवंदं आणि जांभळं याच दिवसांत मिळतात. फक्त ‘सरोवर’ बघायचं म्हणून जाऊ नका.

धरण किती जुनं आहे? भिंतीवर फिरता येतं का?

काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. भिंत दगडी बांधकामाची, उंची सुमारे ८२ मीटर, लांबी ५०७ मीटर. त्या काळी देशातल्या सगळ्यात उंच धरणांत तिची गणना होत होती. १९६९ मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती लागली आणि खालच्या गावांची झोप उडाली. त्यानंतर भिंतीला खालच्या अंगानं भक्कम आधारभिंती देऊन ती मजबूत केली. खालच्या बागेतून वर पाहिलंत तर मूळ दगडी अंग आणि नंतर लावलेले हे आधार वेगवेगळे ओळखू येतात. भिंत बघायची तर तिथूनच बघा.

भिंतीवर सर्वसामान्य पर्यटकाला सोडत नाहीत. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही. ड्रोनचंही तेच: धरण आणि वीजगृह हे संवेदनशील क्षेत्र, वर अभयारण्य. परवानगीशिवाय उडवू नका.

अम्ब्रेला फॉल बघायला गेलो तर नुसता खडक होता. असं का?

कारण तो नैसर्गिक धबधबा नाही. भिंतीच्या मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या गोल खडकावरून चहूबाजूंनी छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. मोरी बंद तर छत्री मिटलेली. पावसाळ्यात आणि आवर्तन चालू असताना दिसण्याची शक्यता जास्त. शेंडीतल्या कुठल्याही चहावाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा, ‘पाणी चालू आहे का?’ एवढं पुरतं.

रंधा धबधब्याचंही तसंच आहे का?

बरंचसं. रंधा शेंडीपासून दहा किलोमीटरवर, प्रवरेवरच आहे. नदी सुमारे १७० फूट खोल घळीत कोसळते. वरून भंडारदऱ्याचा विसर्ग चालू असेल तर पाण्याचा आवाज वाहनतळावरच ऐकू येतो. विसर्ग नसेल तर दोन-चार धारा. शिवाय निळवंडे भरलं की त्याचा फुगवटा घळीत शिरतो आणि धबधब्याची उंची खालून कमी झाल्यासारखी दिसते. जवळच घोरपडा देवीचं मंदिर आहे. कठडे आहेत ते ओलांडायला नव्हे. इथे सेल्फीपायी माणसं गेलेली आहेत.

मग जुलै-ऑगस्टमध्ये जावंच नाही का?

जा, पण काय मिळणार ते माहीत असू द्या. तलाव धुक्यात असेल, कळसूबाई दिसणार नाही, कपडे वाळणार नाहीत. त्या बदल्यात डोंगराच्या प्रत्येक घळीतून पाणी उड्या घेत असेल आणि खाचरांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असेल. शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवसांत शेंडी ते रतनवाडी रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, वळायला जागा नाही, आणि गावातल्या आजारी माणसाची जीपसुद्धा त्यात अडकते. मंगळवार-बुधवारी तोच रस्ता रिकामा असतो.

मुसळधार पावसात प्रशासन धबधब्यांवर आणि काही वाटांवर बंदी घालतं. ती बातमी निघण्याआधी बघा. बंदी असताना ‘आपण लांबून बघून येऊ’ म्हणत निघालेले लोक नाक्यावरून परत येतात.

आणि एक विनंती. फोटोसाठी खाचराच्या बांधावर चढू नका. आवणीच्या दिवसांत बांध मऊ असतो, एका पावलानं फुटतो आणि भरलेलं पाणी खालच्या खाचरात उतरतं. ते परत चढवायला त्या घरातल्या माणसाला अर्धा दिवस लागतो.

तलावाला गाडीनं पूर्ण फेरी मारता येते का?

येते. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, पण ‘एक तासात उरकू’ असा हिशेब करू नका. रस्ता अरुंद, वळणांचा, आणि पावसाळ्यात त्याची अवस्था वर्षागणिक बदलते. सगळं नीट बघायचं तर पूर्ण दिवस ठेवा. कोलटेंभ्याजवळचा न्हाणी फॉल आणि रतनवाडीच्या अलीकडचा नेकलेस फॉल याच वाटेवर आहेत. दुचाकीवाल्यांनी रतनवाडी ते घाटघर हा टप्पा धुक्यात सावकाश घ्यावा. समोरून येणारी एसटी पंधरा फुटांवर आली की दिसते.

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात विशेष काय आहे?

बाराही महिने बघण्यासारखं एकच ठिकाण विचारलंत तर मी हे सांगेन. शिलाहारांच्या काळातलं काळ्या दगडाचं शिवमंदिर, प्रवरेच्या उगमापाशी, मागे रतनगड. शिखरावर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक रचत नेल्या आहेत. आतल्या खांबांवर आणि छतावरचं कोरीवकाम अंधारात लगेच दिसत नाही. डोळे सरावू द्या, मोबाईलचा दिवा लगेच लावू नका. दोन मिनिटांत छतातली फुलं, खांबांवरचे यक्ष एकेक करून वर येतात.

पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. पाण्याखालच्या दगडावर शेवाळ असतं, तेव्हा उंबऱ्याला धरून पाय टाका. मंदिराजवळ एक पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत कोनाडे करून मूर्ती बसवल्या आहेत. गर्दी मंदिरासमोर फोटो काढून परत फिरते, त्यामुळे पुष्करणीपाशी बहुधा कुणी नसतं. महाशिवरात्रीला मात्र पंचक्रोशी लोटते.

घाटघरला काय बघायचं? तिथेही धरण आहे ना?

घाटघरला सह्याद्री संपतो. कोकणकड्यावर उभं राहिलं की पायाखाली थेट शहापूर तालुक्याचं रान दिसतं. पावसाळ्यात वारा खालून इतक्या जोरात येतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. समोर अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले रांगेत उभे दिसतात, अर्थात ढग हलले तर.

आणि हो, तिथे एक धरण आहे, पण ते सिंचनाचं नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प जपानच्या अर्थसाहाय्यानं झाला आणि २००८ पासून वीज देऊ लागला. त्याला दोन तलाव आहेत, एक कड्याच्या वर आणि एक खाली चोंढ्याजवळ. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज काढतात. रात्री मागणी उतरली की जाळ्यातली शिल्लक वीज वापरून तेच पाणी पुन्हा वर चढवतात. चढवायला लागणारी वीज निघणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते, पण गरजेच्या वेळी वीज हाताशी असणं याला किंमत आहे. म्हणून घाटघरच्या वरच्या तलावाची पातळी सकाळ-संध्याकाळ बदललेली दिसते. वीजगृह डोंगराच्या पोटात आहे, ते बघायला मिळत नाही.

काजवे नक्की कधी दिसतात?

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या, हवा दमट झाली, की काजवे झाडांवर येतात. मोठा पाऊस सुरू झाला की संपलं. त्यामुळे ‘अमुक तारखेला नक्की’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग त्यानं महोत्सवाचं कितीही मोठं पोस्टर लावलेलं असो.

हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, आंबा ही काजव्यांची आवडती झाडं. सगळी झाडं उजळत नाहीत; एखादं उजळतं आणि त्याच्या शेजारचं काळं राहतं. उजळलेल्या झाडाखाली उभं राहिलं की आधी एका फांदीवर लुकलुक दिसते, मग ती लय शेजारच्या फांदीवर जाते आणि थोड्या वेळात अख्खं झाड एका ठेक्यात उघडमीट करू लागतं. हे नरांचं काम आहे, मादीला खुणावण्याचं. त्यांच्याकडे त्यासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे असतात.

म्हणूनच गाडीचे दिवे, बॅटरी, मोबाईलचा फ्लॅश यांनी नुसता आपला फोटो बिघडत नाही, त्यांचं मीलनच मोडतं. त्यातून मादी आणि अळ्या जमिनीवर, पालापाचोळ्यात असतात. झाडाखाली शंभर माणसं फिरली तर पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली गेले. गाडी गावात उभी करा, रस्ता सोडू नका, बॅटरीला लाल कागद लावा, काजवे बाटलीत भरून पोराला देऊ नका. त्या दिवसांत वनविभाग रात्रीच्या प्रवेशाची वेळ ठरवून देतो आणि उशिरा आलेल्या गाड्या नाक्यावर अडवतो. शनिवारी रात्री दहाला पोचून ‘लांबून आलोय हो’ म्हटल्यानं नाका उघडत नाही. आठवड्याच्या मधला दिवस, अमावस्येच्या आसपासची रात्र आणि मुक्काम पांजरे, उडदावणे, मुरशेत अशा काठच्या गावात, हे गणित सगळ्यात बरं जमतं.

सांदण दरीत लहान मुलांना नेता येईल का?

दहा-बारा वर्षांच्या पुढची, चालण्याची सवय असलेली मुलं पहिल्या टप्प्यापर्यंत येऊ शकतात. त्याहून लहान नको. साम्रद गावाजवळ जमिनीला पडलेली ही अरुंद भेग आहे. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांचे सरळ कातळ आणि मध्ये दगडांचा खच. आत गेल्यावर पाण्याची डबकी लागतात, हंगामाप्रमाणे गुडघाभर ते कमरेभर, आणि पाणी थंडगार. कॅमेरा, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या. पुढे कातळटप्पे दोरानं उतरून कोकणात जाता येतं, पण ते काम जाणकार गटाबरोबर, हेल्मेट आणि साधनांसकटच.

जून ते सप्टेंबर दरीत उतरायचं नाही. सबंध डोंगराचं पाणी या एका भेगेतून जातं आणि वर पडलेला पाऊस आत असलेल्या माणसाला दिसत नाही. डिसेंबर ते मार्च उत्तम. ‘आशिया खंडातली दुसऱ्या क्रमांकाची दरी’ असं जिथे तिथे लिहिलेलं सापडतं. कुणी मोजली आणि पहिली कोणती, हे मात्र कुणी सांगत नाही. दरी त्याशिवायही भारी आहे. साम्रदच्या पोरांना वाटाड्या म्हणून बरोबर घ्या.

कळसूबाई आणि रतनगड एकाच सहलीत होतील का?

दोन दिवस असतील आणि गुडघे साथ देत असतील तर होतील. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढ, कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटं मंदिर. सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते; पहाटे चारला निघा. नवरात्रात देवीची जत्रा असते, त्या गर्दीची मजा वेगळी.

रतनगडावर माणसं कमी, बघण्यासारखं जास्त: गणेश, हनुमान, कोकण, त्र्यंबक असे दरवाजे, रत्नाईची गुहा आणि माथ्यावर कड्याला आरपार पडलेलं नेढं. नेढ्यात बसलं की एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोकण. दोन्हींतला एकच करायचा तर मी रतनगड घेईन.

तलावात पोहलं तर चालतं का? बोटिंग आहे का?

पोहू नका. काठ नदीच्या घाटासारखा उतरत जात नाही. दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्याला तळ नाही. खाली गाळ, त्यात पाय रुततो. पोहता येणारी माणसंही बुडाली आहेत, आणि जवळपास जीवरक्षक नसतात. मुलांना काठावर मोकळं सोडून मोठ्यांनी गप्पा मारत बसणं तर मुळीच नको.

बोटी शेंडीकडून निघतात. पाण्याची पातळी, वारा आणि हंगाम बघून चालवतात. लाइफ जॅकेट मागून घ्या. देत नसतील तर बसू नका.

राहायचं कुठे? तंबूत राहणं कसं असतं?

एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान तलावाला लागून आहे, जागा त्यांची सगळ्यात चांगली. शेंडीत खासगी हॉटेलं आहेत, आणि काठच्या गावांत घरगुती सोय.

तंबूंचं म्हणाल तर मालक कोण ते विचारा. गावातल्या माणसाचा तंबू असेल तर पैसे गावात राहतात, जेवण त्याच्या घरून येतं आणि रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस असतो. शहरातून चालवलेल्या ‘कॅम्प’मध्ये स्पीकर आणि बार्बेक्यू मिळेल. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य (१९८६ पासून, ३६१ चौरस किलोमीटर) याच भागात आहे, बिबट्याचा वावर आहे. रात्री स्पीकर वाजवण्यावर बंदी आहे ती त्यासाठीही. आरक्षण करताना दोन गोष्टी विचारा: शौचालय किती माणसांत एक, आणि तंबू पाण्यापासून किती लांब. नोव्हेंबर ते जानेवारी रात्री कडाक्याची थंडी पडते, दव तंबूच्या आत ठिबकतं. आपली चादर न्या.

जेवणात काय मिळतं?

नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, गावठी कोंबडीचा रस्सा, तलावातले मासे. काहीतरी घरी न्यायचं असेल तर तांदूळ न्या. अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात काळभात आणि जिरवेल हे जुने सुवासिक वाण अजून पिकतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, त्या याच तालुक्यातल्या. काळभात दुकानात क्वचित दिसतो; जिथे जेवाल त्या घरी विचारा. शिजताना शेजारच्या घरापर्यंत वास जातो. जेवणाची ऑर्डर दोन तास आधी द्यावी लागते, चूल पेटवून सगळं करायचं असतं.

कसं पोचायचं?

मुंबईकरांनी नाशिक महामार्गानं घोटी, तिथून उजवीकडे वळून बारी, वारंघुशी फाटा, शेंडी. घोटीपासून साधारण पस्तीस किलोमीटर. २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाल्यानं कसाऱ्याचा घाट टाळून इगतपुरीला उतरता येतं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. नाशिकहून घोटीमार्गे दोन तास.

रेल्वेनं यायचं तर इगतपुरी किंवा कसारा. तिथून एसटी आहे, आणि घोटीहून काळी-पिवळी जीप, जी भरल्याशिवाय निघत नाही. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

प्रवेश शुल्क, दारू, प्लॅस्टिक यांचे नियम काय?

वनविभागाच्या नाक्यावर माणशी आणि वाहनामागे शुल्क भरावं लागतं. पावती सांभाळा, फेरीत दुसऱ्या नाक्यावर विचारतात. अभयारण्यात दारू आणि एकदाच वापरायचं प्लॅस्टिक चालत नाही, गाड्या तपासतात. कचरा परत न्या. इथे घंटागाडी येत नाही.

नेटवर्क, पेट्रोल, दवाखाना?

शेंडीत नेटवर्क मिळतं, रतनवाडी-साम्रद-घाटघरकडे बेभरवशाचं. नकाशा आधीच उतरवून ठेवा, रोख पैसे ठेवा. टाकी घोटीत किंवा राजूरला भरून घ्या. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. रोजची औषधं बरोबर असू द्या.

हातात एकच दिवस आहे. काय करू?

सकाळी आठच्या आत शेंडी गाठा आणि आधी धरणाखालची बाग उरका, दहानंतर तिथे रांगा लागतात. मग मुतखेलमार्गे रतनवाडी: मंदिर, पुष्करणी, आणि जाताना जेवणाचं सांगून ठेवलेल्या घरी जेवण. दुपारी साम्रदला दरीच्या तोंडापर्यंत जाऊन या, आत उतरण्याइतका वेळ उरत नाही. चारच्या सुमारास घाटघरचा कोकणकडा, तिथून उडदावणे-पांजरेच्या बाजूनं परत. या बाजूनं येताना मावळतीचं ऊन समोरच्या रतनगडावर पडतं आणि तलाव तुमच्या उजव्या हाताला राहतो. रंधा वाटेत नाही. पुण्याकडे परतणार असाल तरच तो जोडा, मुंबई-नाशिकवाल्यांनी पुढच्या वेळी.